तळटीप ७ : दाजीपूरचे रान

७. दाजीपूरचे रान : कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारीचे जंगल, आजचे राधानगरी अभयारण्य. गव्यांसाठी १९५८ मध्ये संरक्षित. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात समावेश. इथले राधानगरी धरण (लक्ष्मी तलाव) राजर्षी शाहू महाराजांनी ब्रिटिश अमदानीत बांधायला घेतले. पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि पुढे नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णेत येते. पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते, तो ‘दक्षिणद्वार सोहळा’. मूळ मजकुरातील ‘दरवाजे उघडले’ हा उल्लेख धरणाच्या दरवाजांचा आहे, देवळाच्या नव्हे.