अकराजणींचं चित्र आणि तिघींचा फोटो

राजा रविवर्म्याचं एक तैलचित्र आहे, साधारण १८८९ मधलं. नटूनथटून बसलेल्या अकरा बायकांची गाण्याची मैफल. म्हैसूरच्या महाराजांसाठी काढलेलं. एक नायर बाई वीणा वाजवतेय, एक नऊवारीतली मराठी, एक मुसलमान, मागे एक विलायती हॅटवाली. मला ते बघून वेबसाईटवरचा ड्रॉपडाऊन आठवतो, 'प्रांत निवडा' वाला! कारण ही मैफल खरी नव्हेच. त्या काळात चारचौघांत गाणाऱ्या बायका वेगळ्या आणि घरंदाज बायका वेगळ्या. एका सतरंजीवर त्यांना बसवलं ते ब्रशने. बहुतेकींची नजरही एकमेकींकडे नाही.

पण त्याआधी चारच वर्षं अशी एक सभा खरोखर भरली होती, आणि तिच्यात आमच्या कल्याणची मुलगी होती.

१० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात डीनचा स्वागत समारंभ. फोटोत तिघी आहेत: साडीतली आनंदीबाई जोशी, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबुली. इथेही ड्रॉपडाऊनच की, फक्त 'देश निवडा'. बघणाऱ्याला आधी तीन पोशाख दिसतात, मग बायका.

आता साडीकडे बघा. निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी 'हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन' असं ठणकावलं होतं. तिथल्या थंडीत मात्र नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहायला लागल्या. म्हणून बराच विचार करून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. म्हणजे अमेरिकेला जो 'हिंदू पोशाख' दिसत होता, तो खरं तर एका वीस वर्षांच्या मुलीने थंडीशी केलेली तडजोड होती. मला हे फार आवडतं. तिथे कुठल्याही चित्रकाराने तिला नेसवलेलं नाही, तिचं तिने ठरवलंय.

बाकी जे फोटोत दिसत नाही ते सगळ्यांना माहीत आहेच. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ, दहा दिवसांत गेलेलं. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, हा योगायोग नक्कीच नाही.

मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. ओकामी १८८९ ला डॉक्टर झाली, इस्लामबुली १८९० ला.