धावता धावता चालणे

चाळिशी उलटल्यावर आम्ही कसबा पेठेतल्या चौघांनी मॅरेथॉनची तयारी सुरू केली. पहाटे कसबा गणपतीपासून निघायचे, शनिवारवाड्यावरून नवा पूल ओलांडायचा आणि जंगली महाराज रस्त्याने डेक्कन जिमखाना गाठायचा. पहिल्या आठवड्यात संभाजी बागेशी पोचेपर्यंतच छातीचा भाता व्हायचा. मग चार मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे असे ठरवले. जमू लागले, पण चालताना कोणी ओळखीचे भेटले की प्रश्न ठरलेला, "काय, दमलात?"

आमची फेरी जिथे संपते, तिथे एका मोठ्या गोष्टीची सुरुवात आहे. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ची. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या क्रीडामेळ्यात दोराबजी टाटा यांनी शेतकरी घरांतली मुले अनवाणी धावताना पाहिली. शास्त्रशुद्ध शिक्षण नसताना त्यांचा वेग पाहून ते चकित झाले आणि त्यांच्या खटपटीतून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. मॅरेथॉनमध्ये दोघे होते : बेळगावचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांनी ४२.७५ किलोमीटर अंतर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापून १९वा क्रमांक मिळवला. (४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९२१मध्ये कायम झाले.) भागाकार करून पाहा : किलोमीटरला जेमतेम ४ मिनिटे! शाळेच्या मैदानावर या वेगाने एक फेरी धावून पाहिल्याशिवाय या आकड्याची किंमत कळत नाही.

अशा वेगात चालण्याला जागा नाही, हे उघड आहे. पण तो मापदंड आपण दहा वर्षांच्या मुलालाही लावतो, हे आम्हांला खटकते. शर्यतीत मूल चालू लागले की कडेने ओरडा होतो, "चालू नकोस, पळ!" खरे तर धावणे व चालणे आलटून पालटून करण्याची रीत बालवीर चळवळीतल्या शिक्षकांना जुनीच आहे, बेडन-पॉवेल यांनी ती मुलांना शिकवली, ती दूरचा पल्ला न थकता गाठण्यासाठी. मॅरेथॉनच्या तयारीत तिला प्रतिष्ठा दिली अमेरिकेच्या जेफ गॅलोवे यांनी. स्वतः १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला हा माणूस. १९७४मध्ये नवशिक्यांचा वर्ग घेताना त्यांनी ही पद्धत वापरायला सुरुवात केली.

यात फायदा कोठून येतो? चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो आणि शरीर उलट्या लंबकासारखे त्यावरून पुढे झुकते. धावताना दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. उतरताना पायावर वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. शिवाय वेग वाढला की स्नायू साठवलेले ग्लायकोजेन अधिक झपाट्याने वापरतात, आणि तो साठा मर्यादित असतो. मात्र चालण्याची विश्रांती दम लागण्याआधी, पहिल्या मिनिटापासूनच घ्यायला हवी. साठा संपल्यावर घेतलेली विश्रांती तो भरून देत नाही.

वर्गात करण्याजोगे एक गणित देतो. एक जण ताशी ९ किलोमीटर वेगाने न थांबता धावला, तर मॅरेथॉनला सुमारे ४ तास ४१ मिनिटे लागतील. दुसरा त्याच वेगाने ४ मिनिटे धावतो व ताशी ६ च्या वेगाने १ मिनिट चालतो. त्याला ५ तास १ मिनिट लागेल. चालण्याचा तोटा फक्त २० मिनिटे. आता पहिल्याची शक्ती २८व्या किलोमीटरला संपली आणि पुढे तो ताशी ५ च्या वेगाने पाय ओढत गेला, असे समजा. त्याचा वेळ ५ तास ५७ मिनिटांवर जातो!

आम्ही चौघे अजून २१ किलोमीटरपर्यंतच पोचलो आहोत. घड्याळाची शिटी वाजली की चालू लागतो, नेमके डेक्कनवर, जिथे ओळखीची माणसे सर्वांत जास्त भेटतात.