उंबरगाव : ‘रामायण’ मालिकेचा सागरकिनारा

गुजरातच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेलगत उंबरगाव हे सागरकाठचे शहर आहे. गुजरातीत त्याचा उच्चार उमरगाम असा होतो. १९६० पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मुंबई राज्याच्या विभाजनानंतर उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातकडे गेली व सुरत जिल्ह्याला जोडण्यात आली. पुढे १९६४ मध्ये सुरतमधून वलसाड जिल्हा वेगळा निघाला आणि उंबरगाव त्यात समाविष्ट झाले. या परिसरात मराठी आजही कानी पडते, त्यामागे हा इतिहास आहे.

देशभर उंबरगावचे नाव झाले ते दूरदर्शनमुळे. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे बहुतांश चित्रीकरण येथील वृंदावन स्टुडिओत झाले. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात ही मालिका दर रविवारी सकाळी प्रसारित होत असे. अरुण गोविल, दीपिका चिखलिया, सुनील लहरी, दारा सिंग व अरविंद त्रिवेदी यांच्या बरोबरीने मराठी कलावंतांचाही तीत ठळक सहभाग होता. दशरथ व कौसल्या यांच्या भूमिका बाळ धुरी व जयश्री गडकर या दांपत्याने केल्या; मंथरा ललिता पवार यांनी, तर भरत संजय जोग यांनी साकारला. २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखवण्यात आली आणि नव्या पिढीलाही ती परिचित झाली.

गोमंतकीयांसाठी या स्थळाचा आणखी एक संदर्भ आहे. उंबरगावच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर दमण आहे. मालिका सुरू झाली तेव्हा गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, त्यावेळी मालिकेला जेमतेम चार महिने झाले होते. पडद्यावरची अयोध्या ज्या गावात उभी होती, ते गाव तेव्हा आपल्याच प्रदेशाच्या एका भागाचे शेजारी होते.

मालिकेतील राजवाडे पाहण्याच्या अपेक्षेने येथे येऊ नये. चित्रीकरणाचे देखावे तात्पुरते असतात. स्टुडिओ ही खाजगी मालमत्ता असल्याने आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पाहण्यासारखा आहे तो किनारा. ओहोटीला पाणी दूरवर सरते आणि ओल्या वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. वारोली नदीच्या मुखापलीकडे नारगोळचा सुरूच्या बनाने वेढलेला किनारा आहे. जवळच्या संजाण येथे, पारशी परंपरेनुसार इराणहून आलेले त्यांचे पूर्वज उतरले. त्या आगमनाचा स्मृतिस्तंभ तेथे आहे.

हा किनारा सहजासहजी टिकलेला नाही. येथे मोठे बंदर उभारण्याच्या प्रस्तावाला मच्छीमार व शेतकऱ्यांनी ‘किनारा बचाव संघर्ष समिती’च्या माध्यमातून विरोध केला. त्यांचे नेते, निवृत्त लेफ्टनंट कर्नल प्रताप सावे यांना एप्रिल २००० मध्ये अटक झाली. कोठडीत त्यांना मारहाण झाल्याचा आरोप झाला आणि त्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. ते बंदर तेव्हा झाले नाही. मात्र नारगोळ बंदराचा प्रस्ताव पुढील काळात पुन्हा मांडला गेला. मासेमारीचे क्षेत्र आणि बंदराचा विस्तार यांतील संघर्ष गोव्याच्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मालिकेच्या आठवणीने येथे येणाऱ्याने ही आठवणही सोबत ठेवावी.

कसे जावे : पश्चिम रेल्वेच्या मुंबई–सुरत मार्गावर घोलवड व संजाण यांच्या दरम्यान उमरगाम रोड हे स्थानक आहे. गाव तेथून पश्चिमेला असून रिक्षाने जाता येते. गोव्याहून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांनी वापी किंवा सुरत गाठून तेथून दक्षिणेकडे येणारी पॅसेंजर गाडी घ्यावी. पावसाळा संपल्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ भेटीस अनुकूल असतो. येथील भरती-ओहोटीतील फरक गोव्यापेक्षा बराच मोठा आहे. त्यामुळे ओहोटीच्या वेळी वाळूत दूरवर जाण्यापूर्वी भरतीची वेळ स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावी.