ऑइल बदलताना धातूचा तुकडा निघाला? किक मारण्याआधी हे तपासा

आजोबांची किंवा बाबांची जुनी बुलेट घरात आहे. व्हिडिओ बघून तुम्ही पहिल्यांदाच स्वतः ऑइल बदलायला बसलात. ड्रेन बोल्ट उघडला, काळं ऑइल ट्रेमध्ये पडलं आणि त्यात काहीतरी चमकलं. उचलून पाहिलं तर धातूचा तुकडा! आता काय करायचं? नवीन ऑइल टाकून किक मारायची, की बाईक तशीच उभी ठेवायची?

इथे घाई केली तर एका बुशचं किंवा वॉशरचं काम पूर्ण इंजिनवर जाऊ शकतं. सुटलेला तुकडा ऑइल पंपात अडकला की वरच्या भागांना ऑइल पोहोचत नाही. म्हणून तुकडा कुठला आहे हे कळेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. हा पहिला नियम लक्षात ठेवा.

सगळाच चुरा धोक्याचा असतो का?

नाही. लोखंडावर लोखंड फिरतं तिथे थोडी झीज होतेच. ड्रेन बोल्टच्या टोकाला करडी-काळी पेस्ट दिसली, बोटांवर चोळल्यावर ती मऊ लागली आणि कण हाताला जाणवले नाहीत, तर ती साधी झीज समजा. इंजिन नुकतंच बोअर करून नवीन पिस्टन टाकला असेल, तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बारीक चमक जास्त दिसते. तेही नॉर्मल आहे.

काळजी करायची ती आकार असलेल्या तुकड्यांची. चपटा पापुद्रा, सुईसारखा रोलर, गिअरच्या दाताचा कोपरा किंवा तुटलेलं सर्क्लिप सापडलं, तर काहीतरी नक्की तुटलंय.

तुकडे गोळा कसे करायचे?

ऑइल एका स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि जुन्या पांढऱ्या सुती कापडातून गाळा. फिल्टर असेल तर त्याच्या घड्या उघडून बघा, बरेच कण तिथेच अडकतात. कापडावर राहिलेले तुकडे थोड्या डिझेलने धुऊन पांढऱ्या कागदावर ठेवा. हे काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब करा. हातात ग्लोव्हज घाला.

मोबाईलचा उपयोग करा

तुकड्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मॅक्रो मोड चालू करून फोटो काढा. फ्लॅश नको, तेलकट धातूवर तो चमकतो. दिवसाच्या उजेडात फोटो चांगला येतो. गाडीचे किलोमीटर आणि तारीख नोट्समध्ये लिहून ठेवा. फक्त लोहचुंबक फोनजवळ नेऊ नका, त्याने कंपास आणि कॅमेऱ्याचा फोकस गडबडू शकतो.

चुंबक आणि रंग काय सांगतात?

- चुंबकाला चिकटतो: लोखंड किंवा स्टील. गिअर, बेअरिंग, चेन, सर्क्लिप किंवा पिस्टन रिंग यांपैकी काहीतरी.
- चिकटत नाही, सोनेरी किंवा तांबूस दिसतो: पितळ किंवा ब्राँझ. बहुतेक वेळा एखादा बुश झिजलेला असतो.
- चिकटत नाही, चंदेरी आणि हलका आहे: अ‍ॅल्युमिनियम. पिस्टन किंवा केसिंगचा भाग. पण तुकडा स्प्रिंगसारखा गोल वळलेला असेल, तर आधी ड्रेन बोल्टचे आटे बघा. कोणीतरी बोल्ट जास्त आवळला की आटे सोलून निघतात. इंजिन आतून ठीक असू शकतं.
- चंदेरी, मऊ पापुद्रे: जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, म्हणजे बिग एंडला, व्हाइट मेटलचा थर असलेला फ्लोटिंग बुश असायचा. तो थर सुटला की असे पापुद्रे निघतात. हे अ‍ॅल्युमिनियमसारखेच दिसतात म्हणून फसायला होतं. शंका आली तर इंजिन उघडलेलंच बरं.

काळे रबरी तुकडे बहुधा गॅस्केटच्या सिलिकॉनचे असतात. लालसर खपल्या म्हणजे गंज, वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत तो सापडतो.

तुकडा कुठल्या ऑइलमध्ये सापडला?

हा प्रश्न बरेच जण विसरतात, आणि अर्धं उत्तर इथेच असतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये तीन वेगळ्या जागा असतात: इंजिन, गिअरबॉक्स आणि डावीकडची प्रायमरी चेनकेस. तिघांचं ऑइल वेगळं. म्हणून तिन्ही वेगळ्या बाटल्यांत काढा आणि बाटलीवर नाव लिहा.

गिअरबॉक्समध्ये स्टीलचा तुकडा सापडला तर संशय गिअरवर. चेनकेसमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पूड दिसली तर सैल झालेली चेन केसला घासतेय का ते बघा. इंजिनच्या ऑइलमध्ये पापुद्रे निघाले तर पिस्टन किंवा बिग एंड.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत हिशोब बदलतो. तिथे खालून निघतं ते गिअरबॉक्सचं ऑइल. पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगला पेट्रोलसोबत जाणारं टू-टी ऑइल मिळतं. त्यामुळे खालच्या ऑइलमध्ये निघालेला चुरा सहसा गिअर, क्लच किंवा किकच्या भागांचा असतो. पण याचा अर्थ पिस्टन ठणठणीत आहे असा होत नाही. तो या ऑइलमध्ये दिसणारच नाही.

मग निर्णय काय घ्यायचा?

- फक्त मऊ पेस्ट: नवीन ऑइल टाका, गाडी चालवा.
- बारीक चमक, पण तुकडे नाहीत: ऑइल आणि फिल्टर बदला. तीनशे-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा ऑइल काढून आधीच्या फोटोशी तुलना करा. चमक कमी झाली तर ठीक, वाढली तर मेकॅनिककडे न्या.
- आकार असलेला तुकडा किंवा पापुद्रे: किक मारू नका. गाडी ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजला न्या.

गॅरेजला जाताना तुकडे छोट्या झिप पाऊचमध्ये टाकून सोबत घ्या. "काहीतरी चमकत होतं" एवढं सांगण्यापेक्षा तुकडा हातात दिला तर मेकॅनिक नेमका तोच भाग उघडतो, आणि नको असलेली कामं बिलात येत नाहीत. दुरुस्तीनंतर बदललेला पार्टही मागून घ्या आणि तुकडा त्याला जुळतो का ते बघा. जुळला नाही, तर मूळ दोष अजून आतच आहे.

जाता जाता एक विनंती: काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, तिथून ते रिसायकलिंगला जातं.