पावतीनंतर सव्वादोन तास

17 सप्टेंबर 1955. 'जायंट'चं चित्रीकरण चालू असतानाच अभिनेता जेम्स डीन काउबॉयच्या वेषात रस्ता सुरक्षेची एक जाहिरात करतो. गाडी जपून चालवा, न जाणो माझाच जीव वाचेल, असं मजेत सांगतो. वय 24.

30 सप्टेंबर, सकाळ, हॉलिवूड. सिनेमातलं काम संपलंय, म्हणजे शर्यतीत उतरायचं नाही ही स्टुडिओची अटही संपली. नवी पोर्शे 550 स्पायडर सॅलिनासच्या शर्यतीला न्यायची आहे. ठरलं होतं ट्रेलरवर टाकून न्यायचं. पण मेकॅनिक रोल्फ व्युटेरिख म्हणतो, इंजिन कोरं आहे, आधी थोडं पळवून घ्यायला हवं. दिवसभरातला हा सर्वांत साधा निर्णय, आणि मला विचाराल तर सर्वांत महागडा. शर्यतीची गाडी रहदारीच्या रस्त्यावर येते. ट्रेलर मागून रिकामाच.

दुपारी 3.30. मेटलरजवळ पोलीस अडवतात. मर्यादा ताशी 55 मैल, पोर्शे 65 वर. पावती फाटते, ट्रेलर ओढणाऱ्या मित्राचीसुद्धा. आठवडाभर आधी अभिनेता ॲलेक गिनेसने या गाडीबद्दल केलेलं मृत्यूचं भाकीत लोक अजून अंगावर काटा आणून सांगतात. मला ही पावती जास्त बोलकी वाटते. भाकीत उडवून लावणं समजू शकतं. हे तर लेखी होतं. पण पावतीनंतर माणूस किती वेळ सभ्य राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

संध्याकाळी 5 च्या सुमारास. ब्लॅकवेल्स कॉर्नरला छोटा थांबा. मग पुन्हा पश्चिमेकडे.

5.45. शोलॅमजवळ 466 आणि 41 क्रमांकाच्या रस्त्यांचा फाटा. समोरून 23 वर्षांचा विद्यार्थी फोर्ड घेऊन येतोय. त्याला डावीकडे वळायचंय, म्हणजे डीनची वाट कापूनच. पोर्शे जेमतेम कमरेएवढी, चंदेरी, कलत्या उन्हात रस्त्यात विरून जाणारी. आपल्याला ती दिसलीच नाही, असं विद्यार्थ्याने नंतर सांगितलं. डीनला फोर्ड दिसली असणार. समोरचा बघेल आणि थांबेल, हा हिशेब आपण प्रत्येक चौकात मांडतो. बहुतेक वेळा जुळतो, म्हणूनच त्याची सवय लागते.

6.20. पासो रोब्लेसच्या रुग्णालयात डीन मृत घोषित. गाडीबाहेर फेकला गेलेला व्युटेरिख गंभीर जखमी, पण वाचला. विद्यार्थ्याला किरकोळ मार. चौकशीत अपघाती मृत्यू ठरला. खटला कोणावरच झाला नाही.

27 ऑक्टोबर. डीनचा 'रिबेल विदाउट अ कॉज' प्रदर्शित. त्यात दोन पोरं चोरीच्या गाड्या कड्याच्या दिशेने भरधाव सोडतात. आधी उडी मारेल तो भित्रा. सिनेमा जोरात चालला.