देठ काढून, न धुता

प्रयोगशाळेत हिरव्या मिरचीचा नमुना आला की पहिलं काम देठ काढायचं. मिरची धुवायची नाही, पुसायचीही नाही. देठ तेवढा काढायचा. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला आमचं शेत आहे, तिथली रीत याच्या बरोबर उलटी. तोडणीच्या बाया मिरची देठासकट खुडतात, कारण देठ तुटलेली मिरची पोत्यात लवकर सडते आणि लिलावात भाव पाडून घेते. घरात आली की मात्र वहिनी ती आधी धुते.

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा मला हे चमत्कारिक वाटलं होतं. माणूस धुऊन खातो, तर तपासायची न धुता का? उत्तर कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या नियमांत आहे. केळं सालीसकट घ्यायचं. आंब्याची कोय काढायची, पण हिशेब कोयीसकट अख्ख्या फळावर मांडायचा. कांद्याची मुळं, माती आणि सुटी फोलपटं काढायची. कमाल अंशमर्यादा ठरलेली असते ती बाजारात विकल्या जाणाऱ्या मालासाठी, ताटातल्या घासासाठी नव्हे. फवारणी नियमात झाली का, हा तिथला प्रश्न. आपल्या पोटात किती गेलं, हे गणित वेगळं, आणि ते आमच्या टेबलावर होत नाही.

कीडनाशकांच्या अंशांचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९५७ च्या सुमाराला जेम्स लव्हलॉकने इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर केला आणि डीडीटीसारख्या क्लोरीनयुक्त रसायनांचे अतिसूक्ष्म अंश दिसू लागले, इथून तो सुरू होतो. खोटा नाही, पण अर्धाच. यंत्राला मिरची कळत नाही. त्याला कळतो एक मिलिलीटर स्वच्छ द्राव. मिरचीपासून त्या द्रावापर्यंतची वाट माणसाच्या हाताची आहे, आणि त्या वाटेवर जे मागे राहिलं ते कितीही महागड्या यंत्राला दिसत नाही.

आपल्याकडे या सगळ्याची सुरुवात मृत्यूंनी झाली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसं गेली. अन्न आणि विष एकाच जहाजातून आलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने चौकशी केली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. कायदा झाला, तरी तपासणीचं काम बरीच वर्षं मोजक्या विद्यापीठांत आणि सरकारी प्रयोगशाळांतच होत राहिलं.

त्या काळची पद्धत मी आमच्या सरांकडून ऐकली. अमेरिकेतल्या मिल्स यांची पद्धत १९६३ च्या सुमाराची, ल्यूक यांची १९७५ ची. शंभर ग्रॅम भाजी मिक्सरला लावायची, दोनशे मिलिलीटर ॲसिटोनायट्राइल किंवा ॲसिटोन घालायचं, गाळायचं, मग काचेच्या मोठ्या सेपरेटरी फनेलमध्ये घालून हलवायचं. अधूनमधून तोटी उघडून आतली वाफ सोडायची, नाहीतर बूच उडतं. मग फ्लोरिसिलच्या नळीतून थेंब थेंब उतरवायचं आणि शेवटी रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवायचं. सर म्हणायचे, “दिवसाला चार नमुने झाले की आम्ही चहा मागवायचो.” सॉल्व्हंटचा वास कपड्यांतून जायचा नाही, ही त्यांच्या घरच्यांची कायमची तक्रार.

२००३ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. अनास्तासियादेस आणि लेहोटे यांच्या गटाने अमेरिकेत ‘क्वेचर्स’ पद्धत छापली: दहा ग्रॅम नमुना, दहा मिलिलीटर ॲसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, एक ग्रॅम मीठ, सगळं एका प्लास्टिकच्या नळीत, आणि मिनिटभर जोरात हलवायचं. सल्फेटला पाणी लागलं की नळी हातात तापते, नव्या पोरी दचकतात. आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट सापडलं. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांची झोप उडाली. (शीतपेयांतल्या कीडनाशकांचा गाजावाजाही त्याच वर्षीचा. त्यावरच्या संयुक्त संसदीय समितीचे अध्यक्ष शरद पवार होते. पेपरवाल्यांना द्राक्षांपेक्षा ती बाटलीच जास्त गोड लागली.)

द्राक्षांचं उत्तर पुण्याजवळ मांजरीत तयार झालं. तिथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासूनचं. निर्यातीच्या बागांची नोंदणी झाली, प्रयोगशाळेचाच माणूस बागेत जाऊन नमुना घेऊ लागला, २००६ पासून अपेडाच्या, म्हणजे कृषिनिर्यात प्राधिकरणाच्या, ग्रेपनेट प्रणालीवर प्रत्येक बागेचा माग राहू लागला. केंद्रातले कौशिक बॅनर्जी, पांडुरंग अडसुळे आणि सहकाऱ्यांनी परदेशी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. दहा ग्रॅम द्राक्षाला दहा मिलिलीटर इथाइल ॲसिटेट आणि दहा ग्रॅम सोडियम सल्फेट, अशी त्यांची पद्धत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मी शिकले ती हीच. नमुना-खोलीला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायचा तो या इथाइल ॲसिटेटचा.

मग २०१० चं सीसीसी आलं. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, हे कीडनाशक नव्हे, वेलीची वाढ रोखणारं संजीवक. ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपात ते आपल्या द्राक्षांत सापडलं आणि कंटेनर अडकले. लोकांनी प्रयोगशाळांना नावं ठेवली, पण आमच्या टेबलावरून पाहिलं तर त्यात अचंबा काहीच नव्हता. सीसीसीच्या रेणूवर विद्युतभार असतो, तो पाणी सोडून इथाइल ॲसिटेटमध्ये येतच नाही. नळीत वरचा थर उचलला की सीसीसी खाली राहिलं. त्याच्यासाठी वेगळा नमुना, मिथेनॉल आणि वेगळी धावपळ लागते. मॅन्कोझेबचीही तशीच तऱ्हा. त्याचा लगदा करायचा नाही, लगद्यातल्या आम्लानं ते मोडतं. जाडसर तुकडे आम्लात उकळून निघणारा कार्बन डायसल्फाइड वायू मोजायचा. क्लोरोथॅलोनिल आणि कॅप्टान साध्या तापमानात वाटताना मोडून जातात, म्हणून कोरडा बर्फ टाकून वाटायचं. मिक्सरमधून पांढरा धूर निघतो आणि मिरची असेल तर त्या धुरातही खोकला असतो.

मिरची आमच्या तालुक्याची. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. १९७३ च्या उत्खननात तिथं सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली, पण त्या थरांत मिरची असणं शक्यच नव्हतं, ती पोर्तुगीजांमागून अमेरिकेतून आली. आज मात्र पिंपळगावच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडाशी ट्रक लागतात आणि माल परराज्यांत जातो. ३० मे २०१४ पासून सौदी अरेबियाने कीडनाशकांच्या अंशांचं कारण देऊन भारतीय हिरवी मिरची बंद केली, तेव्हा आमच्या खोलीत मिरचीच्या पिशव्यांची रांग लागली.

द्राक्षावर बसवलेली पद्धत मिरचीला पुरत नाही. हिरवा रंग यंत्राला घाण करतो. तो काढायला काळी कार्बनची भुकटी वापरावी, तर ती रंगाबरोबर क्लोरोथॅलोनिलसारखी चपटी रसायनंही धरून ठेवते. म्हणून माप मोजून भुकटी घालायची आणि मुद्दाम मिसळलेलं औषध सत्तर ते एकशेवीस टक्के परत मिळतं का, ते बघायचं. पण मोठी अडचण नळीत नाही, शेतात आहे. द्राक्ष एकदाच काढतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात दिवस मोजता येतात, सगळी निर्यातयंत्रणा त्या मोजणीवर उभी आहे. मिरचीचा तोडा आठ-दहा दिवसांनी येतो. कोकडा आणि फुलकिडे तोड्याची वाट बघत नाहीत. आमच्या शेतात दादा जे औषध मारतो ते दोन तोड्यांच्या मध्येच पडतं, दुसरीकडे पडायला जागाच नाही. युरोपच्या यादीत नसलेल्या औषधाला मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा टनांच्या ट्रकमध्ये १०० मिलिग्रॅम. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने पंपाच्या नोजलकडे बघितलं आणि विषय बदलला.

लिलाव झाला की चार शेतांचा माल एका ढिगात पडतो. व्यापारी त्यातून किलोभर मिरची पिशवीत भरून आमच्याकडे पाठवतो. आम्ही देठ काढतो, बर्फ टाकून वाटतो, दहा ग्रॅम घेतो. ढिगात औषध सापडलं तर ते कुणाच्या शेतातलं, हे त्या दहा ग्रॅमवरून सांगता येत नाही. दादाचं म्हणणं सरळ आहे: “ताई, नमुना घ्यायचा तर माझ्या वावरात येऊन घे, दुसऱ्याच्या पोत्याचं माझ्यावर नको.” द्राक्षाच्या बागेत तसंच होतं. मिरचीच्या अहवालावर मात्र आम्ही तळाशी एवढंच छापतो, की निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे.