सनावळ्यांचे ओझे

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र या विषयांत मागे पडला, की ‘पाठांतर कमी पडले’ असा निकाल घरीही लागतो आणि शाळेतही. परंतु या अपयशाची मुळे विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीपेक्षा आपल्या शिक्षणाच्या इतिहासात अधिक खोल गेलेली आहेत.

१८५४ साली वुडचा शिक्षणविषयक खलिता आला आणि १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. आरंभी ही विद्यापीठे स्वतः शिकवीत नसत. ती परीक्षा घेत. साहजिकच माध्यमिक शाळांचे सारे लक्ष मॅट्रिकच्या परीक्षेवर खिळले. परीक्षेत येईल तेवढेच शिकवावयाचे, असा पायंडा पडला. त्यातच माध्यम इंग्रजी. परभाषेत स्वतःचे वाक्य रचता न येणाऱ्या मुलाला पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे मुखोद्गत करण्यावाचून गत्यंतर नव्हते. घोकंपट्टी ही त्याची आवड नव्हती. तो नाइलाज होता. पुढे माध्यम मराठी झाले, पण सवय सुटली नाही. ‘सार्वभौम’, ‘संघराज्य’, ‘अक्षवृत्त’ हे शब्द आपल्याच भाषेतले खरे. तथापि उलगडून सांगितले नाहीत, तर मुलाला तेही परकेच.

नागरिकशास्त्राची कथा निराळी नाही. इंग्रजी राजवटीविषयी लोकांत असंतोष वाढत असताना हा विषय शाळांत आला, याची नोंद २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने केली आहे. आज्ञाधारकपणा शिकविण्यासाठी आलेल्या विषयात प्रश्न विचारण्यास वाव तो कितीसा असणार?

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने परीक्षेच्या वर्चस्वावर टीका केली आणि इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांना समाजशास्त्र या एका सूत्रात गुंफावे, असे सुचविले. हेतू उत्तम होता. पण इतिहास शिकलेल्या शिक्षकाच्या हाती भूगोलाचा नकाशा आला आणि भूगोल शिकलेल्याच्या हाती पेशवाई. तशात हुशार मुलाने गणित-विज्ञानाकडे वळावे, ही पालकांची धारणा दृढ होत गेली. १९९३ साली यशपाल समितीने नेमके निदान केले : दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक असते.

या ओझ्याचे एक कारण म्हणजे पाठ्यपुस्तक आणि परिसर यांतील अंतर. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळांतील मुले पोर्तुगालचा इतिहास व भूगोल पोर्तुगीज भाषेत शिकत. १९६१ साली गोवा मुक्त झाला. बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग त्याआधीच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. राज्य पालटले, पुस्तके पालटली. परंतु गावाशेजारचा इतिहास धड्याला जोडण्याचे काम बहुधा राहूनच गेले.

खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरचे उदाहरण पाहावे. तेथील दत्तकविधान कंपनी सरकारने नाकारले आणि १८२४ साली राणी चन्नम्माने शस्त्र उचलले. कित्तूरच्या किल्ल्याचे भग्नावशेष पाहून मुलाने ‘दत्तक का नाकारला?’ हा एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर त्याला उमगले, तर १८४८ चा सातारा आणि १८५४ ची झाशी त्याला घोकावी लागत नाहीत. वारस नाकारून राज्य गिळण्याची रीत एकदा कळली, की सने तिच्यामागोमाग आपोआप येतात. उलट, तीन सने सुटी सुटी पाठ केलेला मुलगा परीक्षेच्या दालनात एक सन विसरला, की तिन्ही गमावून बसतो.

म्हणून ‘केव्हा?’ या प्रश्नाबरोबर ‘का?’ हाही प्रश्न वर्गात आणि प्रश्नपत्रिकेत आला पाहिजे. परीक्षा जे विचारते, तेच शाळा शिकविते. १८५७ पासूनचा अनुभव हाच आहे. तेव्हा मुलाला मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी त्याची प्रश्नपत्रिका एकदा वाचून पाहणे, हा निदान त्याला न्याय देण्याचा पहिला मार्ग होय.